दोन वर्तुळांचा आठ

"माझं अक्षर मी ओळखणार नाही, तर दुसरं कोण ओळखणार?"

हे वाक्य बाई सहा वर्षांपूर्वी बोलल्या तेव्हा त्यांच्या हातात भिंग होतं, समोर टेबलावर एक जुनं धनुष्य होतं, आणि टेबलापलीकडे कवायतीचे एक निवृत्त मास्तर उभे होते. त्यांची सून शेजारी टॉर्च धरून होती. वाक्य ऐकून हॉलमधली माणसं हसली. बाईंच्या बोलण्यावर माणसं हसली की त्यांना ते पटलं असं समजायचं. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी धनुष्य उचललं, कापडी पिशवीत घातलं, पिशवीची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली आणि ते गेले. त्या दिवशी संग्राहक मंडळाच्या यादीत त्या धनुष्यापुढे 'बनावट' हा शब्द लागला.

जुनी धनुष्यं जमवणारी माणसं जगात असतात हे सुनेला लग्नानंतर कळलं. तोवर तिला वाटायचं, धनुष्य म्हणजे पोरांच्या चित्रातली कमान आणि तिला लावलेली दोरी. सासरी आल्यावर पहिल्याच रविवारी एक गृहस्थ दारात उभे राहिले, हातात सहा फुटांचं पुडकं, आणि चेहरा असा की आत कुणी आजारी माणूस गुंडाळलाय. बाईंनी पुडकं सोडलं. आतल्या धनुष्याची दोन्ही टोकं भलत्याच बाजूला वळलेली. सून म्हणाली, "अरेरे, वाकडं झालंय." गृहस्थांनी तिच्याकडे बघितलं ते तिला अजून आठवतं.

या धनुष्यांची टोकं मुळातच दोरीच्या उलट दिशेला वळवलेली असतात. लाकडाच्या पातळ पट्टीला दोन्ही अंगांनी फायबरग्लासचा थर चिकटवायचा, साच्यात दाबायचं, भाजायचं, म्हणजे तो बाक कायमचा बसतो. दोरी उतरवली की धनुष्य पाठमोरं झाल्यासारखं दिसतं. वारसांना हे ठाऊक नसतं. माळ्यावर आजोबांचं धनुष्य सापडलं की ते हौसेनं उलट्या बाजूनं दोरी चढवतात, छाती फुगवून खेचतात, आणि काड्कन आवाज झाला की मग फोन येतो, "याचं काही होईल का हो?" बाई फोनवरच विचारत, "किती तुकडे आहेत?"

शहराच्या कडेला ही धनुष्यं बनवणारा एक कारखाना होता. तेवीस वर्षं चालला आणि बंद पडला. त्यातली सोळा वर्षं, म्हणजे सातव्या वर्षापासून शेवटचं कुलूप लागेपर्यंत, बाई तिथे होत्या. काम एकच. तयार धनुष्याच्या खालच्या पात्यावर, मुठीच्या जरा खाली, टाक पांढऱ्या शाईत बुडवून तीन गोष्टी लिहायच्या: लांबी, खेचायला लागणारा जोर आणि क्रमांक. आकडे इंग्रजी. शाई वाळली की वर वार्निशचा हात. मग ते अक्षर काचेखाली गेल्यासारखं जन्मभराचं बंदिस्त.

कारखाना मिटला तेव्हा त्याच्या नोंदवह्या रद्दीत गेल्या. तीस वर्षांनी संग्राहकांना जाग आली, आणि मग एकेका धनुष्याच्या वर्षावरून माणसं हमरीतुमरीवर यायला लागली. क्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे कारखान्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण पहिला आकडा चार असेल तर धनुष्य चौथ्या वर्षाचं की चौदाव्या? वाद तिथे अडायचा. तो सोडवायला फक्त बाई उरल्या होत्या.

त्या आधी काच बघत. सुरुवातीच्या वर्षांचा फायबरग्लास तपकिरी, मधल्या वर्षांचा पांढरा, शेवटचा काळा. मग टोकं बघत: जुन्यांच्या टोकाला लाकडाचा एकच थर, नंतरच्यांना तीन. मग मुठीत बसवलेला बिल्ला, तांब्याचा की ॲल्युमिनियमचा. आणि सगळ्यात शेवटी अक्षर. तेवीस वर्षांत चार बायकांनी ते आकडे लिहिले. पहिली मुकादमबाई, जिचा सात म्हणजे उगारलेली कुऱ्हाड. दुसरी एक उंच मुलगी, तिचे आकडे उजवीकडे कलत, कारण खिडकी उजवीकडे होती आणि खिडकीबाहेर कोण उभं असायचं ते सगळ्या कारखान्याला माहीत होतं. तिसरी दीड वर्षात नोकरी सोडून गेली. चौथ्या बाई. या चार हातांत गल्लत करणं बाईंना शक्यच नव्हतं, जसं कुणाला आपल्या बहिणींचे आवाज ओळखण्यात चूक करणं शक्य नसतं.

संग्राहक त्यांना तारीखबाई म्हणत. तोंडावर फक्त बाई. बघून झालं की बाई सांगत, सून टाइप करी, खाली बाईंची सही. अशी तीनशे बारा पत्रं गेली होती. बाईंचं पत्र असलं की वाद संपला. काळ्या दगडावरची रेघ. सून सकाळी चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची आणि दुपारी सासूची लेखनिक व्हायची. नवरा वर्षातले नऊ महिने बोटीवर. तो फोनवर विचारायचा, "आई काय करतेय?" ही सांगायची, "एकाचं वय वाढवतेय, दुसऱ्याचं कमी करतेय."

मास्तरांचं धनुष्य याच पद्धतीनं बघितलं गेलं होतं. क्रमांक चारनं सुरू होणारा. काच तपकिरी, टोकाला एकच थर, बिल्ला तांब्याचा. सगळं चौथ्या वर्षाचं, आणि चौथ्या वर्षाची त्या घाटाची धनुष्यं अख्ख्या जगात अकरा उरलेली. हॉलमधली माणसं टेबलाभोवती गोळा झाली होती. मग बाईंनी क्रमांकावर भिंग धरलं आणि तो त्यांच्याच हातचा निघाला. बाई कारखान्यात आल्या सातव्या वर्षी. चौथ्या वर्षी त्या शाळेत होत्या. म्हणजे धनुष्य चौदाव्या वर्षाचं. आणि चौदाव्या वर्षाच्या धनुष्याला जुना बिल्ला, घासलेली टोकं, तपकिरी काच, हे आपोआप होत नाही. कुणीतरी केलेलं असतं. हिशेब चोख होता. त्यात कुठे बोट घालायला जागा नव्हती. मास्तर एवढंच म्हणाले होते, "बाई, माझ्या थोरल्या बहिणीचं आहे हो. तिनं नवंकोरं घेतलेलं." त्यावर ते वाक्य आलं, आणि हशा.

*

यंदा मंडळानं ग्रंथ छापायला काढला होता. कारखान्याचं एकेक ठाऊक असलेलं धनुष्य, त्याचा फोटो, त्याचं वर्ष. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी दहा वर्षं या ग्रंथापायी डोळे घालवले होते. शेवटी एक पुरवणी होती, 'बनावट' या मथळ्याची. त्यात सहा धनुष्यं, आणि प्रत्येकाखाली मालकाचं नाव. पुढच्या रविवारी सभा, सोमवारी ग्रंथ छापखान्यात जाणार होता.

त्या आठवड्यात मंगळवारी एका दिवंगत संग्राहकाच्या बायकोनं पार्सल पाठवलं. आत एक धनुष्य, त्याची कापडी पिशवी आणि एक पाकीट. सुनेनं धनुष्य टेबलावर, खिडकीच्या उजेडात ठेवलं. बाईंनी चष्मा पुसला.

"पाचनं सुरू होतोय," सून क्रमांक वाचत म्हणाली.

"हात माझा आहे. पंधरावं वर्ष," बाई म्हणाल्या. मग त्या थांबल्या. "काच तपकिरी कशी?"

"टोकाला पण एकच थर आहे, आई."

"आणखी एक बनवाबनवी. लिहून घे."

सून लिहायला बसली नाही. तिनं पाकीट उघडलं. आत दुकानाचं बिल होतं, कारखान्याच्या पाचव्या वर्षाचं, त्यावर तोच क्रमांक. बाईंनी बिल उलटसुलट केलं. "बिल एकाचं आणि धनुष्य दुसऱ्याचं. होतं असं."

"क्रमांक तोच आहे ना पण."

"तू फार शहाणी होऊ नकोस."

पाकिटात अजून एक पोस्टकार्ड होतं. सुनेनं ते वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि सासूपुढे सरकवलं. कार्ड कारखान्याचं, सातव्या वर्षाच्या हिवाळ्यातलं. अक्षर मुकादमबाईचं, कुऱ्हाडीसारख्या सातासकट. 'आपल्या धनुष्याचे सुटलेले पाते बसवून, खरवडून नव्याने वार्निश केले आहे. क्रमांक पुन्हा घातला आहे.'

बाई कार्डाकडे बराच वेळ बघत राहिल्या. सुनेला वाटलं, त्यांना वाचता येत नाहीये, म्हणून तिनं वाचून दाखवायला तोंड उघडलं. बाईंनी हातानंच थांबवलं.

"मास्तरांच्या धनुष्याचे फोटो आहेत तुझ्याकडे?"

सुनेकडे सगळ्यांचे होते. तिनं कपाटातून फाइल काढली. बाईंनी फोटो आणि धनुष्य शेजारी ठेवलं, आणि भिंग एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर नेत राहिल्या. मास्तरांच्या क्रमांकात दोन आठ होते. या धनुष्याच्या क्रमांकात एक.

"इकडे बघ. हा आठ कसा काढलाय?"

सून वाकली. "दोन वर्तुळं. एकावर एक ठेवलेली."

"आता माझ्या कुठल्याही दुसऱ्या धनुष्यावरचा आठ काढ."

सुनेनं फाइलमधून पाच-सहा फोटो काढले. सगळ्यांवर आठ एका झटक्यात ओढलेला, वरून खाली, खालून वर, टाक न उचलता.

मग बाईंनी सांगितलं. अशा आवाजात, की जणू दुसऱ्याच कुणा मुलीबद्दल सांगताहेत. त्या कारखान्यात लागल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नव्या मुलीला नव्या धनुष्यावर टाक टेकवू देत नसत. आधी हात बसवायचा. त्यासाठी दुरुस्तीला परत आलेली धनुष्यं असत. ती आधीच बिघडलेली, त्यांच्यावर अक्षर वाकडं गेलं तरी कुणाचं काय जाणार? वार्निश खरवडलं की जुना क्रमांकही त्याबरोबर निघून जायचा. दुरुस्तीच्या चिठ्ठीवरून तोच क्रमांक पुन्हा घालायचा. दोन महिने बाई त्या टेबलावर होत्या. आठ त्या शाळेत शिकल्या तसा काढायच्या, दोन वर्तुळं. मुकादमबाई एक दिवस मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा आठ आहे की चष्मा?" त्या आठवड्यात तिनं बाईंकडून कागदावर हजार आठ काढून घेतले. एका दमात ओढायचे. ते जमल्यावरच नव्या धनुष्यांचं टेबल मिळालं.

"मग हे तुम्हाला आठवलं कसं नाही?" सून म्हणाली. म्हणाल्यावर तिला वाटलं, नको होतं विचारायला.

"आठवत होतं की. मुकादमबाईचा तो चष्मा मी शंभर वेळा सांगितलाय, तुलाही सांगितलाय. पण ते काम होतं असं मी कधी धरलंच नाही. ते शिकणं होतं. मी कामाला कधी लागले म्हणून कुणी विचारलं, तर मी नवं टेबल मिळालं तो दिवस सांगते."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, आणि ती सुरू होत नव्हती.

"मी आठ बघितला होता त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "माझा आहे एवढं बघितलं. किती वर्षांची असताना काढलाय, ते बघितलं नाही. सगळ्या जगाच्या वस्तूंचं वय सांगते मी. स्वतःचा हात मात्र जन्मापासून एकाच वयाचा असल्यासारखा वागवला."

*

मास्तर दुसऱ्या मजल्यावर राहत. जिना अरुंद होता आणि बाई प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. गुडघ्यांमुळे की दुसऱ्या कशामुळे हे सुनेला ठरवता येईना. दार मास्तरांनीच उघडलं. बाईंना बघून ते दारातून बाजूला झाले, पण 'या' म्हणायचं विसरले.

आत खिडकीपाशी त्यांची थोरली बहीण बसली होती. ऐंशीच्या पुढची, मांडीवर मोडकी छत्री, आणि बारीक पकडीनं ती छत्रीच्या काड्यांना तार बांधत होती. "कोण आहे रे?" तिनं विचारलं.

"त्या बाई. त्या... अक्षरवाल्या," मास्तर म्हणाले.

"बरं झालं. बसा. मला ऐकू कमी येतं, पण वाईट बोललेलं नीट ऐकू येतं."

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. पोस्टकार्ड दाखवलं, आठ दाखवला, चूक झाली म्हणून सांगितलं. मास्तर मान हलवत ऐकत होते. सगळं सांगून होईपर्यंत बहिणीची पकड टिक टिक चालूच होती.

"मी पाठवलं होतं दुरुस्तीला," बहीण म्हणाली. "खालचं पातं सुटलं होतं. टपालानं पाठवलं, आणि चार महिन्यांनी आलं."

"दोन महिने तर माझ्याच टेबलावर पडलं असेल," बाई म्हणाल्या.

"म्हणजे उशीर तुझ्यामुळे!" म्हातारी हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. "मला एकानं तरी विचारलं का गं? धनुष्य माझं. पहिल्या पगारातून मीच घेतलेलं. हा तिकडे घेऊन गेला, तू इकडून निकाल दिलास, त्या दातवाल्यानं लिहून ठेवलं. मी काय, मेले होते?"

"ताई, राहू दे ना आता," मास्तर म्हणाले.

"तू गप. सहा वर्षं हा मला समजावतोय. म्हणे, ताई, तुला दुकानदारानं फसवलं असेल, तुझा काही दोष नाही. मी सांगतेय, बाबा रे, मी नवं घेतलं. तर हा मान डोलावतो, वेड्या माणसासमोर डोलावतात तशी. सख्खा भाऊ!"

मास्तरांनी खाली बघितलं. बाईंनीही. सुनेला तिथे असण्याची लाज वाटली, पण जायला जागा नव्हती; खुर्ची भिंतीला लागलेली.

"धनुष्य आहे ना?" बाईंनी विचारलं. "यादीत पुन्हा लागेल. अकराची बारा होतील."

मास्तर अवघडून उठले. आतून धनुष्य घेऊन आले. मुठीला सायकलच्या हँडलची निळी पट्टी गुंडाळलेली. मुठीच्या वर आरपार दोन भोकं. पात्यावरचं वार्निश बाण घासून घासून एका जागी पांढरं पडलेलं.

"भोकं कशाची?" सुनेनं विचारलं.

"नेम धरायची पट्टी बसवायला. ड्रिलनं पाडली." मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "मैदानावर पोरींना शिकवतो मी सकाळी. त्यांच्याकडे धनुष्यं कमी होती. म्हटलं, हे बनावटच आहे, तर मग जपून कुणासाठी ठेवायचं? दिलं सरावाला. पाच वर्षं झाली."

संग्राहकांच्या जगात भोक पाडलेलं धनुष्य म्हणजे संपलेलं धनुष्य. सून हे इतक्या वर्षांत शिकली होती. तिला वाटलं, सासू आता डोळे मिटून घेईल. बाईंनी धनुष्य हातात घेतलं, पात्यावरून बोट फिरवलं, त्या पांढऱ्या पडलेल्या जागेवर थांबवलं.

"चालतं कसं?"

मास्तरांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "एकदम सरळ. बाई, खरं सांगू? नव्या धनुष्यांपेक्षा हातात गोड. पोरी भांडतात त्याच्यासाठी."

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "चांगलं केलंत."

निघताना म्हातारीनं बाईंचा हात धरला. पकड अजून तिच्या दुसऱ्या हातात होती. "तू इथवर जिने चढून आलीस, ते मला आवडलं. पण तू याच्या कानात सांगून जातेस, आणि हा तर ऐकून घेणाराच आहे. ज्यांच्यापुढे बोललीस, त्यांच्यापुढे जाऊन बोल. मला जिना उतरवत नाही, नाहीतर मीच आले असते बघायला."

*

बसमध्ये सुनेनं दोन थांबे जाऊ दिले. तिसऱ्या थांब्यावर तिला राहवेना.

"आई, एक बोलू? डॉक्टरांना फोन करू या. ते समजूतदार आहेत. पुरवणीतून गुपचूप एक पान काढतील. कुणाला पत्ता लागणार नाही."

"बरं."

"तुम्ही सभेत उभं राहून सांगितलंत, तर प्रत्येकजण आपापलं पत्र घेऊन दारात येईल. तीनशे बारा पत्रं आहेत. एक खोटं ठरलं की बाकीची सगळी..." तिनं वाक्य सोडून दिलं. "तुम्हाला कोण मानणार मग?"

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "तिला सहा वर्षं कुणी मानलं नाही," त्या म्हणाल्या. "घरातल्या घरात. भावानं. माझ्या एका वाक्यावर. ती फसलेली नव्हती, आणि तिला रोज सांगितलं गेलं की ती फसलीय. यादीतलं पान गुपचूप काढलं, तर हॉलमध्ये हसली ती माणसं हसलेलीच राहतात."

"पण तुमचं काय?"

"माझं?" बाईंनी जरा विचार केला. "मला नाही माहीत माझं काय."

सासूच्या नाकावर माशी बसलेली तिनं कधी बघितली नव्हती. ही बाई आपल्याबद्दल 'माहीत नाही' म्हणते, यातच तिला काय ते कळलं. मोठ्या माणसाचा आधार जाणं म्हणजे तो माणूस जाणं नव्हे, असं तिला वाटून गेलं. कधीकधी माणूस शेजारी बसलेला असतो, तिकीट मुठीत धरून, आणि आपण ज्यावर टेकलो होतो ते मात्र त्याच्या आतून निघून गेलेलं असतं.

*

रविवारी सकाळी हॉल भरलेला होता. टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यांवर धनुष्यं, प्रत्येकाखाली चिठ्ठी. बऱ्याच चिठ्ठ्यांवर 'बाईंचं पत्र आहे' एवढंच लिहिलेलं. मास्तर मागच्या रांगेत, दाराशेजारी बसले होते, धनुष्य न आणता. अध्यक्षांनी ग्रंथाची छपाईपूर्व प्रत उंच धरून दाखवली. टाळ्या झाल्या. मग त्यांनी बाईंना दोन शब्द बोलायला बोलावलं.

बाई बोलल्या ते सगळं मिळून चार मिनिटांचं. दुरुस्तीचं टेबल, खरवडलेलं वार्निश, दोन वर्तुळांचा आठ. "मास्तरांचं धनुष्य चौथ्या वर्षाचंच आहे. ते बनावट आहे असं मी इथेच उभी राहून म्हणाले. ते खोटं होतं. त्यांच्या बहिणीनं ते नवं घेतलं, सातव्या वर्षी दुरुस्तीला पाठवलं, आणि हे सगळं तिला आठवतंय. मी तिला विचारलं नाही."

कुणी हसलं नाही. अध्यक्ष उठले. मनानं चांगला माणूस, दात काढतानाही आधी माफी मागणारा.

"बाई, हा तुमचा मोठेपणा. पुरवणीतलं ते पान आपण काढू, आणि धनुष्य मुख्य यादीत घेऊ. तळटीप अशी देऊ: 'नवीन माहिती हाती आल्यामुळे.'"

"माहिती नवीन नाही, डॉक्टर. ती बहिणीकडे पहिल्यापासून होती, आणि माझ्याकडेही. असं लिहा की तपासणाऱ्यानं मालकिणीला विचारलं नाही, म्हणून चूक झाली."

"असं कसं लिहायचं छापील पुस्तकात?"

"तिला वाचता येईल असं लिहा. ठळक."

मागून मास्तरांनी खाकरल्यासारखं केलं. बाकीची माणसं आता कुजबुजू लागली होती. एकजण उभा राहिला, पोटाशी आपलं धनुष्य धरून. "बाई, म्हणजे माझ्याचं काय? तुम्ही तेरावं वर्ष म्हणाला होतात. माझ्यावर पण आठ आहे."

"माझ्यावर दोन आहेत!" दुसरा ओरडला.

"एका ओढीचे असतील तर ठीक. दोन वर्तुळांचे असतील तर मी चुकले असेन," बाई म्हणाल्या. "आणि ज्यांच्या क्रमांकात आठच नाही, त्यांचं मला आज सांगता येणार नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीचे बाकीचे आकडे कसे होते, ते मला आठवत नाही."

यावर खरा गलका झाला. खुर्च्या सरकल्या. चादरीवरच्या चिठ्ठ्या काहीजणांनी उचलून खिशात घातल्या. सून पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर सासूची पर्स, आणि तिला वाटत होतं की प्रत्येक नजर पर्सवरच आहे. अध्यक्षांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना खाली बसवलं. मग ते ग्रंथाचं पहिलं पान उघडून बाईंजवळ आले, आणि हलक्या आवाजात बोलले. पण हॉल इतका गप्प झाला होता की शब्द न् शब्द ऐकू गेला.

"बाई, इथे एक ओळ आहे बघा. 'या ग्रंथातील सर्व वर्षे बाईंनी स्वतः पडताळली आहेत.' याच ओळीवर लोक हा ग्रंथ घेणार. एक चूक सापडली, ती तुम्ही आपणहून दुरुस्त केलीत. उलट वजन वाढलं. तुम्ही फक्त 'राहू द्या' म्हणा. दुसरं कुणी तोंड उघडणार नाही, माझी हमी."

बाईंनी पान हातात घेतलं. चष्मा वर सरकवून ओळ वाचली, मग बोट ठेवून पुन्हा वाचली. हॉलमधली सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि सुनेला दिसत होतं की त्यातल्या एकालाही त्या खोट्या ठरलेल्या नको आहेत. इतकी माणसं एकाच वेळी एखाद्याला 'हो म्हण' म्हणतात, तेव्हा हो म्हणणं किती सोपं असतं, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिला स्वतःलाही सासूनं हो म्हणावं असंच वाटत होतं.

बाईंनी डॉक्टरांच्या खिशातलं पेन घेतलं. ओळीवर एक रेघ मारली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ. पेनचं टोपण लावून ते पानावर आडवं ठेवलं, पान डॉक्टरांच्या हातात दिलं. सुनेपाशी येऊन मांडीवरची पर्स उचलली.

"बाई," डॉक्टर म्हणाले. "अहो बाई, मग वर्षं कुणी सांगितली म्हणून लिहायचं?"

तो पोटाशी धनुष्य धरलेला माणूस वाटेतच उभा होता. त्यानं धनुष्य थोडं पुढे केलं, वळवलेलं टोक बाईंच्या हाताला लागेल इतकं. बाई त्याला वळसा घालून पुढे गेल्या. मागच्या रांगेतले मास्तर अर्धवट उठून उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, दार ढकललं, आणि बाहेर पडल्या.